मदत हवी आहे : आईला युद्धाच्या खोट्या व्हिडिओंपासून कसं वाचवू?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. धाकटा भाऊ सैन्यात आहे. नेमका कुठे ते लिहीत नाही, तुम्हीही आपल्या माणसाचं लिहू नका.

7 मे 2025 ला पाकिस्तानविरुद्ध ऑपरेशन सिंदूर सुरू झाल्यापासून आईच्या हातचा मोबाईल सुटत नाही. काल रात्री दीड वाजता ती देवघरासमोर बसून पेटलेल्या चौकीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती. आम्ही उठू नये म्हणून आवाज बंद केलेला. तो निघाला व्हिडिओ गेममधला! नातेवाइकांच्या ग्रुपवर 'कराची उडवलं' म्हणून फटाके वाजताहेत, आणि तिला त्यात फक्त आपलं पोर दिसतं. एटीएम बंद राहणार हा मेसेज सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने खोटा ठरवला, तरी काका रांगेत उभे राहिलेच.

व्हिडिओ जुना की नवा, हे फोनवर कसं तपासायचं? स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाकते, पण दर वेळी जमत नाही. आणि ज्यांच्या घरचं कुणी सैन्यात आहे त्यांनी कृपया सांगा, फोन येत नाही तेव्हा घरच्यांना कसा धीर देता? परवापासून भावाचा फोन नाही.