पक्षी पाळण्याचा निर्णय घेण्यापूर्वी कशाकशाचा विचार करावा?

प्रश्न – पाखरवेल्हाळ

नमस्कार. आमच्या मुलीला पक्ष्यांची मनापासून ओढ आहे आणि घरी एक कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट) किंवा बोलणारा पोपट आणावा, असे आमच्या मनात आहे. आम्ही पती-पत्नी दोघेही दिवसभर नोकरीनिमित्त बाहेर असतो; मुलगी दुपारी शाळेतून येते, तोपर्यंत घरी फक्त माझी आई असते आणि तिला दम्याचा त्रास आहे. कोणता पक्षी निवडावा, एक आणावा की दोन, आणि पिंजरा घेण्यापूर्वी आणखी कोणत्या गोष्टी तपासून पाहाव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – हिरवी फांदी

जातीची निवड नंतर करता येईल. आधी वेळेचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पोपटवर्गातील पक्षी थव्याने राहणारे असतात आणि निसर्गात ते क्वचितच एकटे दिसतात. पाळलेला पक्षी घरातल्या माणसांनाच आपला थवा मानतो. त्यामुळे आठ-दहा तास रिकाम्या खोलीत काढणारा एकटा पक्षी सतत किंचाळू लागतो किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो, आणि ही सवय एकदा जडली की सुटणे फार कठीण जाते. आपल्या घरची दिनचर्या पाहता दोन पक्षी आणणे हेच मला न्याय्य वाटते. जोडीने राहणारे पक्षी माणसांशी कमी बोलतात हे खरे आहे, परंतु बोलणे ही आपली हौस आहे आणि सोबत ही त्यांची गरज आहे.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. बजरीगर (छोटा रंगीत पोपट) साधारणपणे पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस वर्षे सहज जगतो, तर आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारखा मोठा पोपट चांगल्या देखभालीत चाळीस-पन्नास वर्षांचा होऊ शकतो. मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडल्यावरही त्या पक्ष्याची जबाबदारी कोणाची असेल, हे आजच ठरवावे लागेल.

उत्तर – निळा पिसारा

वरील सर्व मुद्दे मान्य आहेत, पण मला आपल्या आईंची काळजी अधिक वाटते. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या पिसांतून पांढरी, पिठासारखी भुकटी सतत झडत असते आणि दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होण्याची शक्यता बरीच असते. त्याशिवाय पिसांतील आणि विष्ठेतील प्रथिने दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांची कायमची हानी होऊ शकते. म्हणून आईंच्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. बजरीगराची भुकटी तुलनेने कमी असते. तरीही डॉक्टरांनी नाही म्हटले, तर तो विषय तिथेच थांबवावा. पुढे पक्षी आणलाच आणि घरात कोणाला ताप व कोरडा खोकला आला, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होऊ शकतो. तो प्रतिजैविकांनी बरा होतो, मात्र त्याची शंका मनात आल्याशिवाय निदान होत नाही.

पक्ष्याच्या श्वासाचाही तितकाच विचार करावा. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि हवेच्या पिशव्यांमुळे श्वास घेताना व सोडतानाही प्राणवायू शोषला जातो. ही रचना उड्डाणासाठी उत्तम आहे, परंतु तिच्यामुळेच विषारी वायूही झपाट्याने शरीरात जातो. नॉनस्टिक तवा रिकामा असताना आचेवर राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, आणि त्याच वेळी माणसाला कदाचित काहीच जाणवत नाही. अगरबत्ती, सुगंधी फवारे आणि सिगारेटचा धूर यांनाही पक्षी असलेल्या घरात जागा नाही.

पाखरवेल्हाळ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईच्या डॉक्टरांना आधी विचारतो. त्यांनी अनुमती दिल्यास बजरीगराची जोडी आणावी, असे आता वाटते. पिंजरा आणि आहार यांविषयीही कृपया लिहावे.

उत्तर – दाणापाणी

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण हे पक्षी आडवे उडतात. बजरीगरासाठी गजांमधील अंतर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास ठेवावे, अन्यथा डोके अडकण्याचा धोका असतो. बसण्याच्या सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्यास पायांच्या तळव्यांना जखमा होतात. वेगवेगळ्या जाडीच्या नैसर्गिक फांद्या उत्तम. रोज दारे-खिडक्या व पंखा बंद करून त्यांना खोलीत उडू द्यावे आणि रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळेल, अशी जागा निवडावी.

आहाराबाबत मी जरा कठोरपणे लिहितो, कारण सर्वाधिक हेळसांड इथेच होते. केवळ दाण्यांवर वाढवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची कमतरता जाणवते, यकृतात चरबी साठते, आणि वरवर धडधाकट दिसणारा पक्षी अकाली जातो. पालेभाज्या, गाजर आणि पक्ष्यांसाठीचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) यांची सवय लहानपणापासून लावावी. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि मद्य त्यांच्यासाठी विषारी आहेत.

पक्षी आजार लपवतात. तो पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बजरीगराचे वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम असते आणि त्यात तीन-चार ग्रॅमची घट गंभीर समजावी. त्यामुळे ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा आणि दर आठवड्याला वजन नोंदवावे. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक पशुवैद्य पक्षी तपासतोच असे नाही, म्हणून तसा पशुवैद्य आपल्या आवाक्यात आहे का, याची चौकशी पिंजरा घेण्याआधी करावी.

उत्तर – हिरवी फांदी

एक गोष्ट राहिली होती. पक्षी रानातून पकडलेला नाही, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. बजरीगर, कॉकाटील, कंठवाला पोपट आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या चार जाती वगळता पोपटवर्गातील सर्व पक्षी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली येतात. आफ्रिकन ग्रेला तर 2016 मध्ये सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घेण्यात आले. या चार जातींबाबतही प्रत्येक देशाचे स्वतःचे वन्यजीव कायदे लागू होऊ शकतात, तेव्हा तेही तपासावेत.