ओवा तुमच्या घरी कसा वापरतात? अनुभव लिहा

पंचगंगेला पाणी चढलं, हवेत गारठा आला की आमच्याकडं ओव्याचा डबा वरच्या फळीवरून खाली येतो. ओवा सगळ्यांकडं असतो, पण रीत प्रत्येक घरची वेगळी. "ओवा खा, बरं वाटेल" एवढंच लिहू नका. कुणाला दिला, किती दिला, कशासोबत दिला ते सांगा, आणि कुठं चालला नाही तेही सांगा.

सुरुवात मी करते. रात्री तांबडा-पांढरा जरा जास्तच झाला आणि पोट गच्च वाटलं, तर सासूबाई पाव चमचा ओवा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत परततात. त्यात चिमूटभर सैंधव घालून चावायला देतात, वर कोमट पाणी. नुसता गिळायचा नाही, चावायचाच. जीभ चरचरते ती ओव्याच्या तेलातल्या थायमॉलमुळं. थोड्या वेळात ढेकर येतो आणि पोट हलकं होतं.

शिवाजी पेठ:
माझ्या पहिल्या बाळंतपणात शेगडीच्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी दिली होती. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि धूर बाळाच्या छातीला वाईट. आईला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. आता शेक गरम पाण्याच्या पिशवीनं. बाळंतिणीची सुपारी (ओवा-तीळ-बडीशेपेचं चावायचं मिश्रण) मात्र जशीच्या तशी राहिली.

गडहिंग्लज:
पोरांना सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात मूठभर ओवा बांधायचा, तव्यावर गरम करायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा आणि मग पोराच्या छाती-पाठीला शेकायचं. पुरचुंडी रात्री बाळाच्या उशाशी ठेवू नका, सुटली तर दाणे तोंडात जातात. आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर शेकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

राजारामपुरी:
मला पित्ताचा त्रास आहे. ओव्यानं छातीत जळजळ वाढते. प्रत्येक पोटदुखीवर ओवा चालत नाही, एवढं नक्की लिहा.

शाहूपुरी:
आजोबा घरीच अमृतधारा करायचे. कापूर, पेपरमिंटची फुलं (मेंथॉलचे खडे) आणि ओव्याची फुलं (ओव्याच्या तेलातून काढलेले पांढरे खडे) समभाग घेऊन काचेच्या बाटलीत घालायचे आणि बूच लावून हलवायचे. तिन्ही कोरडी, विस्तव नाही, पाणी नाही, तरी बघता बघता सगळं पातळ व्हायचं. लहानपणी आम्ही ते बघायला गोळा व्हायचो. डोकं दुखलं की कपाळाला एखादा थेंब. बाटली मात्र कुलपात असायची, आणि ते योग्यच होतं, कारण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला फिट येऊ शकते.

करवीर तालुका:
आमच्याकडं म्हशीचं डावं पोट फुगलं की वडील गोडेतेलात ओवा-हिंग घालून नळीनं पाजायचे. गुण यायचा. पण गडबडीत तोंड वर धरून ओतलं तर तेल फुफ्फुसात जातं आणि जनावर दगावतं. आता मी आधी गुरांच्या डॉक्टरला फोन लावतो.

कसबा बावडा:
कुंडीतल्या जाड, लवदार पानांच्या ओव्याबद्दल कुणी लिहिलं नाही. वास तसाच, पण झाड वेगळं. मसाल्याचा ओवा ह्याला येत नाही. फांदी खोचली तरी जगते. खोकल्याला दोन पानं पाण्यात उकळून घेतो, बाकीच्यांची भजी.

शिवाजी पेठकर ताई, सुपारीची कृती द्याल का? सून बाळंतपणाला आली आहे.

शिवाजी पेठ:
ओवा, तीळ, बडीशेप, बाळंतशेपा निवडून घ्या. लिंबाचा रस आणि सैंधव चोळून सावलीत वाळू द्या, मग एकेक वेगळं, मंद आचेवर भाजा. तीळ लवकर तडतडतात, त्यांच्याकडं लक्ष ठेवा. किसलेलं सुकं खोबरं भाजून शेवटी. ओवा सगळ्यात कमी घाला, नाहीतर तिखटपणामुळं ती खाणारच नाही.