विहिरीत पाण्याखाली घेतलेल्या चित्रीकरणातले दाणे कसे कमी करावेत?

द्राक्षबाग_दिंडोरी:
नमस्कार. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बागेला पाणी देणारी विहीर जुनी, दगडी बांधीव आहे. तिच्यात सध्या साधारण २० फूट पाणी आहे. गेल्या महिन्यापासून मोटार बंद केली की पाइपातले पाणी उतरून जाते आणि दर वेळी पाइप भरून मोटार धरवावी लागते. त्यामुळे फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप, आमच्याकडे जिला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात तो, नीट बसत नसावा अशी शंका आहे. शिवाय पूर्वेकडच्या बांधकामाला पाण्याखाली भेग गेली आहे की काय, हेही पाहायचे होते. पाइप वर घ्यायचा म्हणजे चेनकुप्पी आणि चार माणसे लागतात. म्हणून भाचा तारकर्लीला घेऊन गेला होता तो ॲक्शन कॅमेरा दोरीला बांधून खाली सोडला आणि त्याला चिकटून एक जलरोधक टॉर्च बांधला. भाच्याने लावलेला लाल फिल्टर तसाच होता. चित्रीकरण ४के, ६० फ्रेम, बाकी सगळे ऑटो.

चित्र हिरवेगार आले. मोबाइलवरच्या ॲपमध्ये रंग सुधारायला गेलो तर जुन्या टीव्हीवर येत तशा मुंग्या सगळीकडे दिसू लागल्या. मग हे दाणे (नॉइज) काढण्याचा पर्याय पूर्ण ताकदीने लावला, तर मुंग्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर दगडांचे सांधेही गेले आणि भिंत मेणाची असावी तशी गुळगुळीत दिसू लागली. भेग पाहायची असताना अशा चित्राचा काही उपयोग नाही. कृपया मार्ग सुचवावा.

संकलक_पंचवटी:
मी लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन करतो, तेव्हा माझा पाण्याशी संबंध जलतरण तलावातल्या प्री-वेडिंगपुरताच. पण तुमच्या हातून झालेली चूक मीही केलेली असल्यामुळे लिहितो. अशाच एका कामात मी आधी रंग सुधारले आणि नंतर दाणे काढले, तेव्हा नवरीच्या हातावरची मेंदीची नक्षी पार पुसली गेली आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागले.

पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. विहिरीच्या पाण्यात शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा असतो, त्यामुळे निळाही बराच कमी होतो आणि कॅमेऱ्यापर्यंत मुख्यतः हिरवाच पोहोचतो. अशा चित्रात रंग ‘सुधारणे’ म्हणजे लाल वाहिनीत, म्हणजे चित्रातल्या लाल रंगाच्या नोंदीत, जे थोडेसे उरले आहे ते चार-सहा पटींनी वाढवणे, आणि त्या थोडक्यात चित्रापेक्षा दाणेच अधिक असल्यामुळे वाढतात तेही तेच. तुम्हाला दिसलेल्या बहुतेक मुंग्या कॅमेऱ्याने आणलेल्या नसून रंगदुरुस्तीने वर काढलेल्या आहेत. म्हणून दाणे आधी काढावेत, रंग नंतर पाहावेत, आणि कडा धारदार करण्याचे काम सर्वांत शेवटी, तेही हात राखून करावे.

परंतु तुमच्या बाबतीत माझा खरा सल्ला वेगळा आहे. तुम्हाला देखणे चित्र नको आहे, भेग दिसायला हवी आहे. मग रंग हवेतच कशाला? चित्रातली फक्त हिरवी वाहिनी घ्या आणि तिचेच कृष्णधवल चित्र करा. लाल आणि निळा टाकून दिला की निम्म्याहून अधिक घाण आपोआप जाते आणि दगडाचा पोत शाबूत राहतो. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आरजीबी मिक्सरने हे करता येते. काळानुसार, म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून, दाणे काढण्याची सोय मात्र त्यात सशुल्क आवृत्तीतच आहे. मोफत हवे असेल तर शॉटकटमध्ये ‘रिड्यूस नॉइज’ या नावाने तीन-चार फिल्टर आहेत. त्यांतला ‘एचक्यूडीएन३डी’ शेजारचे बिंदू आणि आधीच्या फ्रेम दोन्ही पाहून काम करतो. त्याची ताकद कमीच ठेवा, कारण दाण्यांचा थोडा खडबडीतपणा डोळा सहन करतो; मेण मात्र सहन होत नाही.

पाणबुड्या_नाशिकरोड:
वरील सल्ला योग्य आहे, परंतु जे चित्र मुळातच अंधारात घेतले आहे त्याला संगणकावर किती घासणार? शक्य असेल तर चित्रीकरण पुन्हा करा. प्रकाश चौपट केला तर चित्राच्या मानाने दाणे निम्मे होतात, इतका साधा हिशेब आहे, आणि तुमच्याकडे प्रकाश वाया जाण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे तो लाल फिल्टर. तो समुद्रातल्या निळ्या पाण्यात, सूर्यप्रकाशात, माफक खोलीवर उपयोगी पडतो. तुमच्या हिरव्या, अंधाऱ्या विहिरीत तो निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो आणि त्याची भरपाई म्हणून कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवतो. तो काढून ठेवा. दुसरी म्हणजे ६० फ्रेम. सेकंदाला ६० चित्रे घ्यायची तर कोणत्याही चित्राला एक साठांश सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही. ३० फ्रेमवर तो दुप्पट करता येतो. आयएसओची कमाल मर्यादा ४०० किंवा ८०० वर बांधा, शार्पनेस सर्वांत कमी ठेवा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर सोडू नका.

आता टॉर्च. चित्रातले सगळे ठिपके म्हणजे दाणे नव्हेत. जे ठिपके एका जागी क्षणभर चमकून नाहीसे होतात ते दाणे. जे संथपणे तरंगत एका दिशेने सरकतात तो गाळ. टॉर्च भिंगाला चिकटून असला की समोरचा प्रत्येक कण प्रकाश थेट कॅमेऱ्यात परत फेकतो, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर होते तसे. टॉर्च कॅमेऱ्यापासून दीड-दोन फूट बाजूला घ्या, तिरका धरा आणि भिंतीपासून कॅमेऱ्याचे अंतर दोन फुटांच्या आत ठेवा. दोरीऐवजी जीआय पाइप किंवा लांब बांबू वापरा, कारण दोरीवर कॅमेरा गिरक्या घेतो. तळाला टेकवू नका. टेकलाच तर उठलेला गाळ बसेपर्यंत थांबा. आणि हे सगळे करताना मोटारीचा मेन स्विच बंद असू द्या. कॅमेऱ्याने काम भागत असताना कोणी उत्साहाच्या भरात विहिरीत उतरू नये.

आज्ञावली_सातपूर:
एक भर घालतो. कॅमेरा बांबूवर स्थिर राहिला, तर चलचित्राचे दाणे काढण्याच्या भानगडीत न पडता एकच स्थिरचित्र तयार करावे. एकाच जागेच्या १६ फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढली तर दाणे एक चतुर्थांशावर येतात, कारण भिंत प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते आणि दाणे प्रत्येक वेळी वेगळे असतात. यात कोणताही फिल्टर काही गुळगुळीत करत नाही, त्यामुळे सांधे पुसले जाण्याचा प्रश्नच येत नाही. गिंपमध्ये फ्रेम एकावर एक थर म्हणून ठेवाव्यात आणि खालून वर अपारदर्शकता १००, ५०, ३३, २५ टक्के अशी, म्हणजे थराच्या क्रमांकाने शंभरला भागून, देत जावी.

सरासरीत तरंगत्या गाळाच्या पुसट रेघा उरतात. त्याही नको असतील तर सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळ्या किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढावा. एखादा कण एका बिंदूवर १६ पैकी एकदोनदाच येत असल्यामुळे मध्यकात तो मोजलाच जात नाही. इमेजमॅजिक या मोफत आज्ञावलीत ही सोय आहे. फ्रेम मात्र लागोपाठच्या घेऊ नका, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घ्या. लागोपाठच्या फ्रेममध्ये कण जागचे हललेले नसतात आणि कॅमेऱ्याच्या संकोचनामुळे (कॉम्प्रेशन) दाणेही बरेचसे सारखेच असतात.

द्राक्षबाग_दिंडोरी:
सर्वांचे आभार. काल सकाळी मेन स्विच काढून, फिल्टर काढून, मांडवाच्या कामातून उरलेल्या जीआय पाइपवर कॅमेरा आणि आडव्या पट्टीवर टॉर्च बांधून पुन्हा चित्रीकरण केले. पाइपाचे वरचे टोक कठड्याला दोन ठिकाणी आवळल्यामुळे कॅमेरा हलला नाही. हिरव्या वाहिनीचे कृष्णधवल चित्र करताच फरक दिसला आणि २० फ्रेमचा मध्यक काढल्यावर तर फूटव्हॉल्व्हच्या जाळीचे भोकन् भोक मोजता येऊ लागले. जाळी एका बाजूने फाटलेली आहे आणि तिथून सुतळीचा एक तुकडा आत गेलेला दिसतो, बहुधा बागेत काड्या बांधायला वापरतो तोच. झडप त्यावरच अडत असणार. चेनकुप्पी आता बोलवावीच लागेल.

भिंतीचे मात्र अजून ठरत नाही. साधारण आठ फुटांवर एक काळी उभी रेघ स्पष्ट दिसते, पण ती भेग आहे की शेवाळाचा ओघळ, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.

पाणबुड्या_नाशिकरोड:
टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, अशी दोन चित्रे घ्या. भेग असेल तर तिच्या कडेची सावली दुसऱ्या चित्रात बाजू बदलेल. शेवाळ असेल तर रेघ दोन्ही चित्रांत होती तशीच राहील.