फायरवॉलला दिसतच नाही ते
टोरेंट (इंटरनेटवरनं एकमेकांकडून फायली उतरवायची पद्धत) ब्लॉक केलं की कॉलेजातली पायरसी बंद, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारा पहारेकरी, बसतो इंटरनेटच्या तोंडावर, आणि हॉस्टेलची पोरं एकाच स्विचवर (सगळ्या मशीनी एकमेकांना जोडणारा डबा) असली की फाईल या खोलीतनं त्या खोलीत जाताना त्याला पत्ताच लागत नाही. कोल्हापुरात एका हॉस्टेलचं नेटवर्क बघायचो तेव्हा 'नोट्स' नावाचं शेअर्ड फोल्डर सापडलं, उघडून बघतोय तर सगळे पिक्चर, नोट्सची एकच पीडीएफ आणि तीबी अर्धी! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ खाली जाणूनबुजून केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आहे म्हटल्यावर पोरं हसली. शेवटी स्विचवर पोर्ट आयसोलेशन चालू केलं, म्हणजे मशीनं एकमेकांना दिसतच नाहीत, तेव्हा कुठं लई फरक पडला. पेनड्राइव्हला मात्र काय औषध नाही.