यानिस कुनेलिस : घोडे बांधणारा कलावंत स्वतःला चित्रकार का म्हणवतो?

काजळरेघ (धागाकर्ती)

विसाव्या शतकातील युरोपीय कलेविषयी वाचताना यानिस कुनेलिस या ग्रीक कलावंताशी येऊन अडखळले आहे. ग्रीसमधील पिरेयस या बंदरात १९३६ साली जन्मलेला हा माणूस विसाव्या वर्षी रोमला गेला आणि २०१७ साली तिथेच वारला. संदर्भग्रंथांत त्यांचा उल्लेख कुठे चित्रकार, कुठे शिल्पकार असा येतो. मात्र त्यांची जी कामे सर्वांत जास्त छापली जातात त्यांत कोळशाची पोती, लोखंडी पत्रे, गॅसच्या ज्वाळा आणि भिंतीला बांधलेले जिवंत घोडे आहेत. असे असूनही ते अखेरपर्यंत स्वतःला चित्रकारच म्हणवत राहिले. हा केवळ हट्ट होता, की त्यांच्या कामात त्याला खरोखर आधार सापडतो? आणि देश सोडण्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाटीपेन्सिल

आधार निश्चितच सापडतो. पण त्यासाठी घोड्यांपासून सुरुवात न करता १९६० सालापासून करावी लागते. रोमच्या कला अकादमीत ते तोती शालोया यांच्याकडे शिकत होते आणि त्या वर्षी ला तार्तारूगा या गॅलरीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. पांढऱ्या पृष्ठभागावर छापाच्या साच्याने उमटवलेली ठळक काळी अक्षरे, आकडे आणि बाण, एवढाच त्या चित्रांचा ऐवज होता. रस्त्यावरच्या पाट्यांवर किंवा मालाच्या खोक्यांवर दिसावीत तशी ही चिन्हे आहेत. त्यांतून कोणताही शब्द तयार होत नाही. कुनेलिस यांनी असा एक कॅनव्हास अंगावर पांघरून त्यावरची चिन्हे सुरात म्हटलीही होती. म्हणजे चित्र चौकटीतून काढून माणसाच्या देहापर्यंत आणि आवाजापर्यंत नेण्याची खटपट तेव्हाच सुरू झाली होती.

१९६५ च्या सुमारास त्यांनी रंगवणे थांबवले. त्यानंतरचे, १९६७ चे एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. करड्या रंगाचा एक सपाट धातूचा पत्रा भिंतीवर लावलेला आहे, त्यातून एक दांडी पुढे आली आहे आणि दांडीवर जिवंत पोपट बसला आहे. पत्र्याचा आकार चित्राचा आहे, जागा चित्राची आहे आणि त्या करड्या पार्श्वभूमीवर रंग म्हणून पक्ष्याची पिसे आहेत, जी हलतात आणि ओरडतातही. हे काम समोर ठेवून पाहिले की ‘मी चित्रकार आहे’ हे त्यांचे म्हणणे शब्दशः पटते. त्याच वर्षी त्यांनी पोलादी चौकटीतून वर उसळलेला कच्चा कापूसही मांडला. तिथेही घट्ट कडा आणि त्यात न मावणारा मऊ ढीग यांचा ताण पाहणाऱ्याला दिसतो, आणि हा ताण कोणत्याही चांगल्या चित्रात असतोच.

बंदरावरची_वही

पाटीपेन्सिल यांच्या प्रतिसादात स्थलांतराचा धागा राहिला आहे, म्हणून थोडी भर घालतो. कुनेलिस यांचे बालपण महायुद्धात आणि त्यामागोमाग १९४६ ते १९४९ या काळात ग्रीसला पोखरणाऱ्या यादवी युद्धात गेले. ते स्वतःला ग्रीक माणूस पण इटालियन कलावंत म्हणवत. ही विभागणी त्यांनी कामांसाठी वापरलेल्या सामग्रीतही दिसते, असे माझे मत आहे. गोणपाटाची पोती, धान्य, कोळसा, कॉफी हा सारा बंदरावरचा माल आहे. १९६९ मधील एका कामात त्यांनी लहान पारडी एकाखाली एक अशी टांगली आणि प्रत्येकीत दळलेल्या कॉफीची छोटीशी रास ठेवली. ते काम डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. पुढे १९९४ साली पिरेयसमध्येच ‘आयोनियन’ या मालवाहू जहाजावर त्यांचे प्रदर्शन भरले. मायभूमीत कलाकृती मांडायची वेळ आली तेव्हा त्या जहाजात ठेवल्या जाव्यात, याहून नेमकी जागा मला सुचत नाही.

सोनेरी भिंतीचाही विचार व्हावा. नेपल्स येथे १९७५ साली त्यांनी एक अख्खी भिंत सोन्याच्या वर्खाने मढवली आणि तिच्यापुढे खुंटाळ्यावर काळा कोट व हॅट लावून जवळ तेलाचा दिवा तेवत ठेवला. ग्रीक चर्चमधील संतांच्या चित्रांमागे असते तसेच हे सोने आहे. फक्त संताच्या जागी निघून गेलेल्या माणसाचे कपडे आहेत.

चुनखडी

वरचे विवेचन मान्य करूनही मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. जानेवारी १९६९ मध्ये फाबिओ सार्जेंतीनी यांच्या लात्तिको गॅलरीने रोममधील एका गॅरेजात नवी जागा उघडली आणि कुनेलिस यांनी तिथे वेगवेगळ्या रंगांचे १२ घोडे भिंतींना बांधले. घोड्यांचा वास, खुरांचा आवाज आणि अंगाची ऊब यांनी ती खोली भरून जात असणार, हे खरे. परंतु या अनुभवाची किंमत त्या जनावरांनी मोजायची, हे मला पटत नाही. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये हे काम पुन्हा मांडले गेले, तेव्हा तर नव्या शोधाचे समर्थनही उरले नव्हते. त्याला चित्र म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही.

पाटीपेन्सिल

चुनखडी यांचा आक्षेप गंभीर आहे आणि २०१५ च्या मांडणीबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. १९६९ बाबत मात्र संदर्भ पाहावा लागेल. समीक्षक जर्मानो चेलांत यांनी १९६७ साली जेनोआत ‘आर्ते पोवेरा’ (म्हणजे ‘गरीब कला’) या नावाने ज्या तरुणांना एकत्र आणले त्यांत कुनेलिस होते, आणि विकत घेऊन घरी नेता येईल अशी वस्तू करण्यालाच त्यांच्यापैकी अनेकांचा विरोध होता. घोडे काही दिवसांनी आपापल्या तबेल्यात परत जातात आणि गॅलरीकडे विकण्यासारखे काही उरत नाही, हा त्या कामाचा गाभा होता. अर्थात कुनेलिस यांची कारकीर्द एवढ्यावर तोलू नये. नंतर त्यांनी ज्वाळा विझल्यावर भिंतीवर उरणाऱ्या काजळीचे काम केले, दोघांच्या पलंगाएवढे पोलादी पत्रे वर्षानुवर्षे वापरले आणि १९९३ पासून काही वर्षे ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवलेही.

काजळरेघ

सर्वांचे मनापासून आभार. घोड्यांविषयी माझे मन अजून चुनखडी यांच्या बाजूने आहे. परंतु पोपटाच्या आणि सोनेरी भिंतीच्या कामांमुळे ‘चित्रकार’ हा त्यांचा दावा मला आता निराधार वाटत नाही. अक्षरचित्रे आधी नीट पाहून मग पोत्यांकडे येईन. त्या काळ्या अक्षरांची मोठ्या आकारातील छायाचित्रे असलेला एखादा प्रदर्शनग्रंथ मुंबईत किंवा पुण्यात कोणाच्या पाहण्यात आला असल्यास इथेच कळवावे.