माळव्याची अफू मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती कशी आली?

घाटपायथा यांचा प्रश्न:

पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचे जे. जे. रुग्णालय व कला महाविद्यालय आणि माहीमचा कॉजवे या वास्तूंसाठी ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या अफूव्यापारातून आला होता, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. नैतिक बाजूवर येथे पुष्कळ लिहून झाले आहे. मला व्यवहार समजून घ्यायचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ पासून बंगालच्या अफूचा मक्ता स्वतःकडे घेतला, पाटणा आणि गाझीपूर येथे ती तयार होई आणि कलकत्त्यात तिचा लिलाव होई, एवढे मला ठाऊक आहे. सगळे कंपनीच्या मुठीत असताना मुंबईतील पारशी, जैन, कोकणी मुसलमान आणि बगदादी यहुदी व्यापाऱ्यांना एवढा वाव मिळाला तरी कसा? ते कंपनीचे अडते होते, की प्रतिस्पर्धी?

जुनी_दप्तरे यांचे उत्तर:

आधी प्रतिस्पर्धी आणि मग करदाते, असे थोडक्यात म्हणता येईल. कंपनीचा मक्ता बंगाल-बिहार आणि बनारसच्या मुलखापुरता होता. अफूचा दुसरा मोठा पट्टा म्हणजे माळवा, आणि तो शिंदे, होळकर व शेजारच्या राजपूत संस्थानिकांच्या अमलाखाली होता. तेथे कोणता शेतकरी किती खसखस पेरतो आणि कोणता सावकार त्याला आगाऊ रक्कम देतो, यावर कंपनीचा काडीचाही ताबा नव्हता. उज्जैन, इंदूर, मंदसौर, रतलाम येथील सराफ-सावकारांनी हा धंदा आपल्या पेढ्यांवर उभा केला होता, आणि चीनच्या बाजारात ही अफू बंगालच्या अफूपेक्षा स्वस्त पडत असल्याने तिला गिऱ्हाईक मिळण्यास अडचण नव्हती.

कंपनीला हे सलू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिने मुंबई बंदरातून माळव्याच्या अफूची निर्यात बंद करू पाहिली. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर तिने दुसरा मार्ग धरला. स्वतःच माळव्यात खरेदी करून माल मुंबईत आणि कलकत्त्यात लिलावाने विकायचा, आणि संस्थानिकांशी करार करून खासगी वाहतूक अडवायची, अशी ती योजना होती. होळकरांसह काहींनी करार केले, ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी केला नाही, आणि एवढी एक फट सगळी योजना फसायला पुरेशी ठरली. कंपनीच्या गुजरातेतील मुलखातून जाता येईना, तेव्हा अफूचे तांडे मारवाडातील पाली आणि जैसलमेरच्या वाळवंटातून कराचीला पोहोचू लागले, तेथून माल गलबतांनी पोर्तुगिजांच्या दमणला येऊ लागला आणि पुढे चीनच्या किनाऱ्यावरील मकावकडे रवाना होऊ लागला. नकाशावर हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण नफ्याच्या हिशेबात तो परवडत होता.

अखेर १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने खरेदीचा नाद सोडला. ज्याला अफू थेट मुंबईस न्यायची असेल त्याने पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा, असे ठरले. तरीही दमणची वाट आटली नाही, म्हणून १८३५ मध्ये हा दर १२५ वर आणावा लागला. पुढे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट त्यांच्या हातात आली, आणि मग १८४७ पर्यंत हाच दर ४०० रुपयांवर नेण्यात आला. सिंधच्या मोहिमेमागे अफू हे एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही; मात्र दर कधी उतरला आणि कधी चढला, हे पाहिले की चोरवाटेचे आणि जकातीचे नाते आपोआप उलगडते.

खाडीपलीकडे यांचे उत्तर:

वरील विवेचनात दमणची माणसे राहून गेली. मूळ गोव्याच्या घराण्यातील आणि मुंबईत पेढी असलेले रोजेरियो द फारिया हे या वाटेवरील मोठे नाव. १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरेश द सिल्वा हे गोव्याचे पहिले गोवेकर प्रशासक अवघ्या काही दिवसांत पदच्युत होऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांना पुन्हा गादीवर बसवण्याच्या खटाटोपात फारियांनी आपला पैसा ओतला. तो फसला, आणि १८३८ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले. पोर्तुगीज बंदरातून अफू पाठवणाऱ्याला गोव्याच्या राजकारणात रस असणे स्वाभाविकच होते.

ज्यांच्या नावाने जे. जे. रुग्णालय ओळखले जाते, त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या पेढीची रचनाही पाहण्यासारखी आहे. पारशी जमशेटजी, जैन मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे असे भागीदार तिथे एकत्र होते. चीनच्या कँटन बंदरात त्यांचा माल जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश अडत पेढीकडे जाई. जमशेटजींची आणि त्या पेढीच्या विल्यम जार्डिनची ओळख १८०५ ची; 'ब्रन्सविक' जहाजावर जार्डिन डॉक्टर होता, जमशेटजी प्रवासी होते, आणि फ्रेंचांनी ते जहाज पकडले.

जुनी_दप्तरे:

फारियांची आठवण दिलीत हे उत्तम झाले. मात्र 'भागीदारी' हा शब्द जार्डिनच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. माल मुंबईच्या व्यापाऱ्याचा, जोखीमही त्याचीच. चीनच्या किनाऱ्यावर तो कधी आणि कोणत्या भावाने विकायचा, हे ठरवणार इंग्रज अडत्या, आणि भाव पडला तरी त्याची अडत सुटणार नाही. १८३९ मध्ये चिनी बादशहाचे आयुक्त लिन झेश्यू यांनी अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या, तेव्हा हा असमतोल उघडा पडला. इंग्रज अधीक्षक एलियट याने सरकारच्या नावाने भरपाईची हमी दिली होती, पण लंडनला ती पाळण्याची घाई नव्हती. मुंबईकरांना अर्ज-विनंत्या करीत बसावे लागले, आणि पैसा आला तो पहिल्या अफूयुद्धानंतर. १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनवर जो २ कोटी १० लाख डॉलरांचा बोजा टाकला, त्यातील ६० लाख या अफूपोटी होते, म्हणजे सरासरीने पेटीमागे तीनशे डॉलरही पडले नाहीत.

ससून घराण्याचा काळ त्यानंतरचा. बगदादी यहुदी डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले आणि त्यांचा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला. त्यांनी माळव्यात आगाऊ रकमा देऊन माल आधीच बांधून घेतला आणि चीनमधील विक्री आपल्याच घरातील माणसांकडे ठेवली, त्यामुळे मधला इंग्रज अडत्या गळला. जार्डिन कंपनी १८७० नंतरच्या काही वर्षांत या धंद्यातून जवळजवळ बाहेर पडली, याचे एक कारण हेच. तेव्हा 'मुंबईचे व्यापारी' असा सरसकट शब्दप्रयोग करताना जमशेटजींची पिढी आणि ससूनांची पिढी वेगळी धरावी, असे मला वाटते.

घाटपायथा:

दोघांचेही आभार. एकच उपप्रश्न आहे. या साखळीत माळव्याच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडत होते?

निमचवाले यांचे उत्तर:

आमच्या निमच भागात हे पीक परवान्याखाली अजूनही घेतले जाते, म्हणून लिहितो. खसखशीला विहिरीचे पाणी, भरपूर खत आणि माणसांची मेहनत लागते. फाल्गुनाच्या आसपास हिरव्या बोंडांना दुपारनंतर बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी ऊन चढण्याआधी खरवडून घ्यायचा, आणि एकाच बोंडावर हे अनेकदा करायचे. त्या काळी माळव्यात चीक वाळू नये म्हणून तो अळशीच्या तेलात ठेवीत. पुढे व्यापाऱ्याच्या वखारीत तो मळून त्याचे गोळे होत. ओलित जमिनीचा सारा भारी होता, आणि तो भरण्यासाठी घेतलेली सावकाराची उचल पीक उभे असतानाच मालाचा भाव बांधून टाकीत असे. बंगालमध्ये कंपनी ठरावीक कमी दराने माल घेई, तर येथे एकापेक्षा अधिक गिऱ्हाइके असल्याने भाव बरा मिळत असावा. पण तो फायदा शेतापेक्षा उज्जैनच्या पेढीवरच अधिक राहिला. चीनला होणारी निर्यात १९१३ मध्ये थांबली, तेव्हा सट्टेवाल्यांकडचा साठा अडकून पडला, आणि शेतकऱ्याला पुढच्या हंगामात गहू किंवा कापूस पेरावा लागला.