डीडीएक्स लिहिलेली जुनी जर्मन दुर्बीण, खरी असेल का?

नेकरकाठचा:
मंडळी, इथे स्टुटगार्टला शनिवारी कार्ल्सप्लाट्झच्या जुन्या बाजारात एका आजोबांकडे काळी दुर्बीण बघितली, प्रिझमवरच्या झाकणावर "डीन्स्टग्लास 6x30" (म्हणजे सैन्याची दुर्बीण, 6 पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 30 मिमी), मग नंबर, "एच/6400" आणि बारीक अक्षरात डीडीएक्स एवढंच, कंपनीचं नाव कुठेच नाही. 80 युरो सांगतायत. मधे फोकसचं चाक पण नाही, तुटलंय की काय? घेऊ का?

जुनीकाच:
चाक तुटलेलं नाही रे, नसतंच! सैन्याच्या 6x30 ला प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा फिरवायचा असतो, आणि नाव नाही हीच चांगली खूण आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखाना कुठला ते शत्रूला कळू नये म्हणून जर्मनांनी नावाऐवजी तीन अक्षरी कोड टाकायला सुरुवात केली. डीडीएक्स म्हणजे ब्राउनश्वाइगची फोइग्टलेंडर, बीएलसी म्हणजे येनाची झाइस, बीईएच म्हणजे वेट्झलारची लायट्झ, सीएजी म्हणजे ऑस्ट्रियातली स्वारोव्स्की. भिंग घेऊन कोरलेली अक्षरं बघ, जुन्या कोरीव कामात मळ बसलेला असतो, धातू चकचकत असेल तर कुणीतरी नंतर कोरलंय. ठसठशीत नाझी गरुड असलेली "यू-बोटची" (जर्मन पाणबुडीवरची) 7x50 कुणी दाखवली तर दहादा विचार कर, युद्धानंतरच्या दुर्बिणींवर गरुड कोरून भरपूर विकतात.

गडवाट:
एका नळीत रेघांची पट्टी दिसते का बघ. 6400 म्हणजे पूर्ण वर्तुळाचे 6400 भाग, त्यातला एक भाग म्हणजे 1 किलोमीटरवर साधारण 1 मीटर. समोरचं घर 10 मीटर रुंद आहे हे माहीत असेल आणि ते 10 भागांत मावलं तर ते 1 किलोमीटरवर आहे, तोफखान्याला अंतर काढायला हेच लागायचं. पट्टी स्वच्छ दिसत असेल तर घेऊन टाक.

जुनीकाच:
आणि घेतलीस तर कृपा करून रंग देऊ नको, आणि घरी स्क्रू उघडू नको. प्रिझम केसभर हललं तरी दोन चित्रं दिसायला लागतात, मग नीट बसवणारा माणूस शोधत बसावं लागतं. आतल्या काचेवर बुरशीचं जाळं असेल तर भाव पाड. भिंगं कापडाने घासू नको, निळसर झाक असली तर ते जुनं कोटिंग असतं आणि ते नाजूक असतं, फुंकणीने धूळ उडव बस.

नेकरकाठचा:
घेतली! आज सकाळी परत गेलो तर आजोबांनी 70 ला दिली. पट्टी स्पष्ट आहे, एका बाजूला थोडी बुरशी आहे पण चित्र एकच दिसतं. चामड्याच्या पट्ट्याच्या आत शाईने कुणाचं तरी आडनाव लिहिलंय, अर्धं पुसलेलं. पट्टा पॉलिश करणार होतो, आता तसाच ठेवतो.